मोटारीतील सराफी काटा

एस. टी. च्या गाडीतून उभ्याने प्रवास करीत असता चालकाने एकाएकी गाडी थांबविली, म्हणजे आपण पुढे झुकतो. गाडी सुटली, म्हणजे मागे रेलतो. डोळे मिटून घेतले तरी गाडीचा वेग वाढत आहे की कमी होत आहे हे आपणांस बिनचूक सांगता येते. मात्र गाडी सरळ रस्त्याने एकसारख्या वेगाने धावत असेल, तर ती ताशी ३० किलोमीटर जात आहे की ६०, हे शरीराला मुळीच कळत नाही. आपल्या शरीराला वेग कळत नाही, वेगातील बदल कळतो. वेग ज्या दराने बदलतो त्या दराला पदार्थविज्ञानात त्वरण असे म्हणतात. ते मोजणाऱ्या यंत्राला त्वरणमापक असे नाव आहे.

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या काठी निघोजे नावाचे गाव आहे. (रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेले पारनेर तालुक्यातील निघोज ते निराळे.) चाकणची औद्योगिक वसाहत वाढता वाढता या गावाच्या शिवारापर्यंत येऊन पोचली, आणि २०१० मध्ये महिंद्र कंपनीचा मोटारींचा मोठा कारखाना येथे सुरू झाला. या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीत एक इवलासा त्वरणमापक बसविलेला असतो. तो बोटाच्या नखाहूनही लहान असतो. मोटार विकत घेणाऱ्याला तो कधी दिसत नाही आणि बहुधा ठाऊकही नसतो. परंतु १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत निदान चालकासमोर तरी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, असावी असा नियम झाला आहे. ती पिशवी केव्हा फुगवावयाची हे या यंत्रावाचून ठरवता येत नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर तोडते. ती एखाद्या भिंतीवर आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर तिच्या वेगातील बदलाचा दर दर सेकंदाला सुमारे १४० मीटर प्रतिसेकंद एवढा होतो. झाडावरून सुटलेल्या आंब्याचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद या दराने वाढतो; त्याला गुरुत्वत्वरण म्हणतात. म्हणजे धडकेतील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे चौदापट झाले. पिशवी उपयोगी पडावयाची तर हा प्रकार ध्यानात येऊन निर्णय व्हावयास सेकंदाचा पन्नासावा भाग, फार तर थोडा अधिक, एवढाच अवधी मिळतो. आपली पापणी लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. रस्त्यावरच्या खड्ड्यानेही मोटारीला दणका बसतो. परंतु त्या दणक्याने पिशवी फुगली तर चालकाच्या तोंडावर अकारण आघात होईल. खड्डा कोणता आणि धडक कोणती, हा विवेक त्या अत्यल्प वेळात करावयाचा असतो.

आता या यंत्राची रचना पाहू. एस. टी. मध्ये उभे असता आपण झुकलो, तसे झुकणारे काहीतरी यंत्रातही असले पाहिजे. त्यासाठी सिलिकॉनच्या पातळ चकतीतून रसायनांच्या साहाय्याने नको असलेला भाग झिजवून एक बारीक पट्टी कोरून काढतात. ही पट्टी दोन्ही टोकांना लवचिक सिलिकॉनच्याच स्प्रिंगांनी अधांतरी टांगलेली असते. तिला आपण भार म्हणू. या भाराला कंगव्याच्या दातांसारखे दाते असतात, आणि प्रत्येक दात्याच्या दोहो बाजूंना एकेक स्थिर दाता असतो. फिरता दाता आणि स्थिर दाता यांच्यामधील फट केसाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याएवढी असते. मोटार थांबली की जडत्वामुळे भार पुढे सरकू पाहतो. एका बाजूची फट कमी होते, दुसऱ्या बाजूची वाढते. दोन दात्यांमध्ये विद्युत् भार साठविण्याची जी शक्ती असते, जिला धारिता म्हणतात, ती फटीवर अवलंबून असते. फट कमी झाली की धारिता वाढते. तेव्हा दोन बाजूंच्या धारितांतील फरक मोजला की भार किती सरकला ते कळते आणि त्यावरून त्वरण कळते.

हे ऐकावयास सोपे वाटते. पण भार सरकतो तरी किती? टिचकी मारली असता सेकंदाला पाच हजार वेळा कंप पावणारा भार घेतला, तर पूर्ण गुरुत्वत्वरणाने तो मिलिमीटरच्या सुमारे एक लक्षांशाइतका सरकतो. गुरुत्वत्वरणाच्या सहस्रांशाएवढे त्वरण असेल, तर त्याची हालचाल सिलिकॉनच्या एका अणूच्या व्यासाच्या विसाव्या भागाएवढी होते. अणूहूनही लहान अंतर कसे मोजता येते, अशी शंका तुम्हांस येईल. ती रास्त आहे. एकेक अणू सारखा थरथरतच असतो. परंतु असंख्य अणूंनी बनलेल्या दात्याची सरासरी जागा पुष्कळ निश्चित असते, आणि मोजमाप होते ते त्या सरासरीचे.

धडक ओळखण्यासाठी एवढ्या सूक्ष्मतेची गरज नाही. चढावर थांबलेली गाडी मागे घसरू न देणारी जी योजना हल्लीच्या मोटारींत असते, तिला मात्र चढ एक अंशाचा आहे की दोन अंशांचा, हे कळावे लागते; एक अंशाच्या चढाला गुरुत्वत्वरणाचा सुमारे सत्तावन्नावा भाग मोजता आला म्हणजे पुरे. पण याच जातीच्या यंत्राला भूमीचे सूक्ष्म कंप ऐकावयास लावले, तर गुरुत्वत्वरणाचा लक्षांश, दशलक्षांश, कधी कधी कोट्यंशही टिपावा लागतो. तेथे या यंत्राचा खरा शत्रू पुढे येतो. त्याला अभियंते गोंगाट म्हणतात.

हा गोंगाट कानांनी ऐकू येणारा नव्हे. मोजावयाची गोष्ट मुळीच नसताना काट्याची जी आपोआप थरथर होत राहते, तो गोंगाट. भरलेल्या आठवडे बाजारात कोणी आपले नाव हळू आवाजात घेतले, तर ते ऐकू येत नाही. हाक लहान असते म्हणून नव्हे, भोवतीचा गलबला मोठा असतो म्हणून. सूक्ष्म त्वरणाचेही असेच होते.

थरथर येते कोठून? पहिले कारण हवा. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा ते सारखे इकडेतिकडे धावत असलेले त्याला आढळले. पाण्याचे अदृश्य रेणू त्या कणांना चोहोकडून धक्के देतात आणि ते धक्के क्षणोक्षणी असमान असतात, असा त्याचा उलगडा १९०५ मध्ये आइन्स्टाइनने केला. आपल्या यंत्रातील भारालाही हवेचे रेणू असेच धक्के देत असतात. आळंदीच्या वारीच्या गर्दीत लहान मूल सारखे इकडून तिकडे ढकलले जाते. पण त्याच गर्दीत उभ्या असलेल्या बैलाला त्याचे काही वाटत नाही. भार जितका हलका, तितका हा गोंगाट अधिक. आणि हे भार किती हलके असावेत! मोटारींसाठी अमेरिकेतील अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जो प्रसिद्ध त्वरणमापक बाजारात आणला, त्यातील भाराचे वजन ग्रॅमच्या सुमारे एक कोट्यंशाएवढे होते.

दुसरे कारण म्हणजे विद्युत् परिपथ. तारेत व रोधकांत इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे चाललेली धावपळ स्वतःच एक बारीक विद्युत्दाब उत्पन्न करते. १९२८ मध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी तो मोजून व गणित करून दाखविला. शिवाय प्रवर्धकात सावकाश वरखाली होणारी एक निराळीच चूक असते. तिसरे कारण आकड्यांचे आहे. शेवटी मोजमाप अंकांत लिहावे लागते, आणि अंक लिहिताना काहीतरी अपूर्णांक सोडून द्यावाच लागतो.

या तिघांशी एकाच वेळी कसे लढावे? येथे यंत्रशास्त्रज्ञांनी जी युक्ती योजिली, ती आपल्या सराफाच्या दुकानात पूर्वापार चालत आलेली आहे.

रद्दीवाला रद्दी मोजताना ताणकाटा वापरतो. आकड्याला गठ्ठा अडकविला की स्प्रिंग ताणली जाते, आणि ती किती ताणली यावरून वजन कळते. सराफ असे करीत नाही. तो एका पारड्यात सोने ठेवतो, दुसऱ्या पारड्यात वजने टाकीत जातो, आणि काटा बरोबर मधोमध आला की थांबतो. काटा किती कलला हे तो मोजीतच नाही. तो न कलावा यासाठी किती वजन लागले, ते मोजतो. ताणकाट्याची स्प्रिंग जुनी झाली, उन्हाने तापली, अथवा जास्त ओझ्याने प्रमाणाबाहेर ताणली गेली, की माप चुकते. सराफाला स्प्रिंगचा भरवसा धरावा लागत नाही. त्याला फक्त 'मध्य' ओळखता आला की झाले.

सूक्ष्म त्वरणमापकातही असेच करता येते. भार सरकू लागला रे लागला की विद्युत् परिपथ ते हेरतो आणि त्याला तत्क्षणी मागे ओढून मधोमध आणतो. ओढतो कशाने? कोरड्या केसांतून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, ते तुम्ही पाहिलेच आहे. त्याच स्थिर विद्युतेच्या आकर्षणाने. हे बल केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना दाते ठेवावे लागतात. भाराला मध्यावर धरून ठेवण्यासाठी जितके बल लागले, तितके त्वरण. भार परिपथाला सांगतो, परिपथ भाराला ओढतो, भार पुन्हा परिपथाला सांगतो. असे हे चक्र मिटलेले असते, म्हणून या पद्धतीला मिटल्या चक्राची पद्धत म्हणतात. फलिताची बातमी कारणाकडे परत पोचविण्याच्या या क्रियेला प्रत्याभरण असे नाव आहे. हॅरोल्ड ब्लॅक नावाच्या अमेरिकन अभियंत्याला १९२७ च्या ऑगस्टमध्ये, कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत, प्रवर्धकांसाठी प्रत्याभरणाची कल्पना सुचली, आणि ती त्याने हातातील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली.

कित्येकदा असे लिहिलेले आढळते की चक्र मिटविले म्हणजे गोंगाट नाहीसा होतो. हे खरे नाही. हवेच्या रेणूंनी भाराला दिलेला धक्का आणि मोटारीने दिलेला धक्का यांतील भेद परिपथाला कळत नाही; तो दोहोंना सारखाच आवरतो आणि दोहोंची सारखीच नोंद करतो. मग मिटल्या चक्राने गोंगाट कमी होतो, तो कसा?

सराफाच्या दुकानाकडेच पुन्हा पाहा. त्याचा काटा काचेच्या पेटीत असतो, कारण वाऱ्याची झुळूकही पारडे हलविते. त्याचप्रमाणे आपला भार हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत ठेवला तर रेणूंचे धक्के थांबतील. मग सर्वच यंत्रांत तसे का करीत नाहीत? कारण हवा जशी धक्के देते, तशी ती हालचाल शमवितेही. देवळातील घंटा एकदा वाजविली की किती वेळ घुमत राहते! निर्वात जागेतील सिलिकॉनचा भारही तसाच कंपत राहतो, कारण त्याला थोपविणारे फारसे काही उरत नाही. एकदा दणका बसला की पुढचे मोजमाप घेणे अशक्य होते. म्हणजे हवा ठेवावी तर ती थरथरविते, आणि काढावी तर भार थांबत नाही.

ही अडचण मिटल्या चक्राने सुटते. हलणारा पाळणा थांबवावयाचा असेल तर आई त्याला घट्ट धरीत नाही. तो ज्या दिशेने येतो त्या दिशेस हलकाच हात लावते, आणि दोन-चार झोक्यांत पाळणा स्थिर होतो. परिपथ भाराला असाच हात लावतो. हवेचे शमविण्याचे काम तो आपल्याकडे घेतो, पण हवेचे आंधळे धक्के मात्र बरोबर आणीत नाही. म्हणून भार निर्वात पेटीत ठेवता येतो, आणि गोंगाटाचे पहिले कारण पुष्कळसे दूर होते. या व्यवस्थेत वेळेला फार महत्त्व आहे. आईचा हात क्षणभर उशिरा पडला, तर पाळणा थांबण्याऐवजी अधिकच उंच जातो. असे चक्र रचणाऱ्या अभियंत्यांचा पुष्कळसा वेळ हा उशीर टाळण्यातच जातो.

परिपथाच्या स्वतःच्या गोंगाटावरील उपाय तर कोणताही भाजीवाला सांगेल. चोख व्यवहार करणारा भाजीवाला माल घालण्यापूर्वी रिकाम्या तराजूचा पासंग पाहतो. परिपथही दर खेपेस दोनदा वाचन करतो: एकदा भाराशी संबंध न ठेवता केवळ स्वतःची चूक वाचतो, आणि लगेच दुसऱ्यांदा भारासह वाचतो. दुसऱ्यातून पहिले वजा केले की सावकाश बदलणारी चूक निघून जाते. जलद बदलणारी चूक अशी जात नाही, कारण दोन वाचनांच्या दरम्यानच ती बदललेली असते. या कामासाठी वेळाचीही वाटणी केलेली असते. तेच दाते एका क्षणी भाराची जागा वाचतात आणि दुसऱ्या क्षणी त्याला ओढतात. जणू एकाच अवयवाने घटकेत कान व्हावे आणि घटकेत हात. हे सेकंदाला लाखो वेळा चालते.

राहिला आकड्यांचा गोंगाट. मला स्वतःला या सर्व विषयात हाच भाग अधिक मनोरम वाटतो. समजा, एका घरी रोज सव्वा लिटर दुधाचा रतीब आहे, पण गवळ्याजवळ लिटरचे एकच माप आहे आणि त्याला अर्धेमुर्धे माप घालता येत नाही. पहिल्या दिवशी तो एक लिटर घालतो आणि पाव लिटर देणे मनात ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. देणे अर्धा लिटर. तिसऱ्या दिवशी पाऊण. चौथ्या दिवशी देणे पुरे एक लिटर होते, तेव्हा तो दोन मापे घालतो. रोजचा हिशेब चुकलेला असला तरी चार दिवसांचा हिशेब तंतोतंत जुळतो. बेरजेत आपण हातचा घेतो, तशी येथे चूक फेकून न देता पुढे नेलेली असते.

त्वरणमापकातील परिपथ गवळ्याचीच रीत चालवितो. भार डावीकडे आहे की उजवीकडे, एवढेच तो पाहतो, आणि ठराविक मापाचा एक झटका उलट दिशेने देतो. त्याच्याजवळ दुसरे माप नसतेच. अंकांत लिहावयाचे ते 'एक' किंवा 'शून्य'. परंतु सेकंदाला लाखो झटके दिल्यावर किती डावे आणि किती उजवे यांची सरासरी काढली, तर त्वरण आश्चर्यकारक सूक्ष्मतेने मिळते. प्रत्येक झटक्यातील चूक पुढील झटक्यात भरून निघत असल्यामुळे चुकीचे सारे चढउतार अतिजलद कंपांच्या रूपाने उरतात, आणि सरासरी काढताना ते गाळले जातात. आपणांस हव्या असलेल्या सावकाश कंपांच्या पट्ट्यातून गोंगाट असा बाहेर लोटला जातो. या पद्धतीचा पाया जपानमध्ये टोकियो विद्यापीठात इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ च्या सुमारास घातला. तिचे मूल्य मात्र द्यावे लागते: चार दिवस थांबल्याशिवाय गवळ्याचा हिशेब जुळत नाही. फार जलद बदलणारी गोष्ट या रीतीने सूक्ष्मपणे मोजता येत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. सराफाची वजनेच खोटी असतील तर काटा मधोमध येऊन काय उपयोग? भाराला ओढणारा विद्युत्दाब जर स्वतः थरथरत असेल, तर ती थरथर सरळ मोजमापात उतरते आणि कोणत्याही चक्राने ती काढता येत नाही. म्हणून अशा यंत्रात तो दाब स्थिर ठेवण्यासाठी पराकाष्ठेची काळजी घ्यावी लागते, आणि यंत्र महाग होते. मोटारीच्या त्या प्रसिद्ध त्वरणमापकात आरंभी मिटल्या चक्राचीच पद्धत होती. पण धडक ओळखण्यास इतक्या खटाटोपाची गरज नाही असे ध्यानात येऊन पुढील पिढीच्या यंत्रांत कंपनीने उघडी पद्धत स्वीकारली. रद्दी मोजावयास सराफी काटा कशाला! हा निर्णय शहाणपणाचाच होता. उलट, भूगर्भातील तेलाचा शोध घेण्यासाठी जमिनीत कंप उत्पन्न करून त्यांचे प्रतिध्वनी ऐकावे लागतात. तेथे २००० सालाच्या सुमारास मिटल्या चक्राचे सूक्ष्म त्वरणमापक वापरात आले, आणि त्यांचा गोंगाट गुरुत्वत्वरणाच्या कोट्यंशाच्या पातळीपर्यंत खाली आणलेला होता.

भूमीचा कानोसा घेण्याची गरज आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. निघोज्याहून दक्षिणेकडे, सातारा जिल्ह्यात, कोयनेचे धरण आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तेथे मोठा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या वेळी धरणाच्या आत एक त्वरणलेखक बसविलेला होता. सिलिकॉनच्या चकत्यांचा जमाना तेव्हा यावयाचा होता. ते यंत्र जुन्या पद्धतीचे व मोठ्या आकाराचे होते. धरण हादरत असताना त्याने आपले काम केले आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट त्वरण झाल्याची नोंद केली. धरण तडकले, पण उभे राहिले. धरणे भूकंपात कशी वागतात याचा अभ्यास करणारे जगातील अभियंते आजही ती नोंद उपयोगात आणतात.

मोठ्या हादऱ्याची नोंद घेणे तुलनेने सोपे होते. त्यानंतर आजवर त्या प्रदेशात जे असंख्य लहान लहान कंप होत आले आहेत, त्यांचा शोध घेणे अवघड. वारा, पाऊस, रस्त्यावरील वाहने, कालव्याचे पाणी, इतकेच काय, गुराढोरांची पावलेही जमीन हालवितात. यंत्राचा स्वतःचा गोंगाट कितीही कमी केला तरी जमिनीचा हा गोंगाट राहतोच. म्हणून शास्त्रज्ञांनी कोयनेच्या परिसरात कठीण खडकात दीड किलोमीटरपर्यंत खोल विवरे पाडली आणि त्यांत भूकंपमापक उतरविले. २०१७ मध्ये गोठणे येथील एक विवर तर तीन किलोमीटरांहूनही खोल गेले. या कामाची देखरेख कऱ्हाड येथील भूभौतिकी प्रयोगशाळा करते. वर डोंगरात पावसाळा कोसळत असतो, आणि खाली त्या विवरांतील यंत्रे खडकाची हालचाल टिपीत असतात.